वाचक विचारतात: नाशिकची हरकत जिनिव्हापर्यंत कशी न्यायची?

मागच्या अंकात मी खासगीपणाच्या हक्कावर लिहिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी तो मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, तिथपासून आजपर्यंतचा प्रवास. त्यात जाता जाता एक वाक्य होतं, की डिजिटल धोरणांच्या कामात परदेशातल्या मंडळींशी जोडून घेतल्याशिवाय आता भागत नाही. आलेली बहुतेक पत्रं त्याच वाक्यावर आहेत. त्यातली सहा निवडली. पत्रलेखकांची नावं छापत नाही. विषय लक्षात घेता ते बरं दिसणार नाही.

आम्ही मैत्रिणींनी एका आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या ऑनलाइन निवेदनावर कॉलेजमधून भरपूर सह्या मिळवून दिल्या. पुढे काहीच कळलं नाही. अशा सह्यांचा उपयोग होतो का? — विद्यार्थिनी, कॉलेज रोड

थोडा होतो. तुम्हाला वाटतो तसा नाही.

युरोपीय संघात नागरिकांना कायद्याची मागणी करण्याची रीतसर सोय आहे: किमान सात देशांतून मिळून दहा लाख सह्या आणा, मग युरोपीय आयोगाला उत्तर द्यावंच लागतं. सार्वजनिक जागी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांविरुद्ध २०२१ मध्ये तिथल्या अनेक संस्थांनी मिळून अशी मोहीम चालवली. सह्या दहा लाखांच्या आसपासही गेल्या नाहीत. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आलेल्या युरोपच्या एआय कायद्यात पोलिसांनी रस्त्यावर थेट चेहरे ओळखण्यावर बंदी आली. बंदीला अपवाद बरेच ठेवलेत आणि मोहीमवाले त्यावर नाराज आहेत, ते वेगळं. सह्या कमी पडूनही एवढं झालं, कारण कुठल्या शहरात कोणी कोणते कॅमेरे बसवले याची माहिती प्रत्येक देशातल्या संस्थेने जमवली होती आणि ती खासदारांच्या टेबलावर पुन्हा पुन्हा ठेवली होती.

आपल्याकडचं उदाहरण तर त्याहून बोलकं आहे. मार्च २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, इंटरनेट सेवांवर ११८ पानांचा सल्लामसलतीचा कागद काढला, शेवटी २० प्रश्न. काही स्वयंसेवकांनी तो वाचून सोपा केला, प्रश्नागणिक उत्तरांचा मसुदा तयार केला आणि दहा लाखांवर ईमेल गेले. डिसेंबरात ट्रायने वेगवेगळ्या वेबसाइटना वेगवेगळे डेटादर लावण्याबद्दल दुसरा कागद काढला. तेव्हा फेसबुकनेही आपल्या 'फ्री बेसिक्स'साठी, म्हणजे निवडक वेबसाइट फुकट देणाऱ्या योजनेसाठी, वापरकर्त्यांकडून ढिगाने संदेश पाठवून घेतले. ट्रायने स्पष्ट सुनावलं, की या संदेशांत आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभावाच्या दरांवर बंदी आली.

हरकती-सूचना म्हणजे काय हे नाशिककरांना विकास आराखड्यामुळे चांगलं ठाऊक आहे. 'आराखडा रद्द करा' असं लिहिलेले शंभर अर्ज एका गठ्ठ्यात जातात आणि गट नंबर घालून, नकाशाची झेरॉक्स जोडून दिलेला एक अर्ज सुनावणीला लागतो. डिजिटल कायद्यातही हेच चालतं. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला आला. मुदत आधी १८ फेब्रुवारी होती, मग ५ मार्च झाली. मायगव्ह पोर्टलवर नियमागणिक सूचना द्यायची सोय होती. कोणी काय सूचना केल्या हे सरकारने जाहीर केलं नाही, म्हणून पुढच्या वेळी आपलं निवेदन आपणच जाहीर करायचं.

तुमच्या गटाने एकेक नियम वाटून घ्यावा आणि प्रत्येकीने स्वतःला माहीत असलेलं लिहावं: प्रवेशाच्या अॅपने कोणत्या परवानग्या मागितल्या, हॉस्टेलच्या दारावर बोटाचा ठसा का घेतात, शिष्यवृत्तीच्या अर्जातली माहिती कुठे कुठे फिरते. अर्धं पान पुरे. त्याचंच इंग्रजी करून परदेशी गटांना पाठवा. त्यांच्याकडे तज्ज्ञ पुष्कळ आहेत, नाशिकच्या हॉस्टेलात राहणारी मुलगी नाही.

सुरगाणा-पेठ भागात रेशनच्या मशीनवर बायकांचे अंगठे उमटत नाहीत. आवणी, नागली, वीटभट्टी यांत बोटांच्या रेषाच झिजतात. एका युरोपीय संस्थेचा मेल आला आहे, 'पाच बायकांच्या कहाण्या, फोटो आणि व्हिडिओ पाठवा, आमच्या अहवालात घेऊ.' थोडा निधीही देऊ म्हणतात. पाठवावं का? — कार्यकर्ता, सुरगाणा

फोटो पाठवू नका. निदान आत्ता नाही.

आधी त्यांना विचारा: अहवाल कोणासाठी आहे, कोणत्या तारखेला कुठे सादर होणार, छापण्याआधी मसुदा आम्हाला दाखवणार का, आणि सहा महिन्यांनी एखादी बाई 'माझं काढून टाका' म्हणाली तर कोण काढणार? या चार प्रश्नांना सरळ उत्तर देणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्याशी आनंदाने काम करा. उत्तराच्या जागी 'जगाला तुमचा आवाज ऐकू येईल' असलं काही आलं, तर मेल बाजूला ठेवा. माझं या बाबतीत मत जरा कडक आहे. खासगीपणाच्या हक्कासाठी काम करणाऱ्यांनी आदिवासी बाईचा चेहरा मुखपृष्ठावर लावायचा, हे मला पटत नाही.

नाव गाळलं म्हणजे ओळख गेली, असंही धरून चालू नका. पंचवीस घरांचा पाडा. 'विधवा, वय पन्नास, दोन मुलं सुरतेला' एवढं लिहिलं तरी तलाठ्यापासून दुकानदारापर्यंत सगळे ओळखतात, आणि धान्य पुन्हा त्याच दुकानदाराकडून घ्यायचं असतं. गाव लिहू नका, तालुका लिहा. वय दहा-दहाच्या टप्प्यात लिहा. बाईची संमती तिच्या बोलीत घ्या, लिहिलेलं तिला वाचून दाखवा आणि ती गाळायला सांगेल ते गाळा.

मग पाठवायचं काय? तक्ता. महिना, दुकानात किती खेपा, मशीनवर किती वेळा अंगठा लावला, ओटीपी आला की रेंजच नव्हती, धान्य मिळालं की परत पाठवलं. शक्य तिथे मशीनच्या पावतीचा फोटो, क्रमांक झाकून. वर्षभराचा असा तक्ता कोणत्याही व्हिडिओपेक्षा जड पडतो.

हे मी हवेत सांगत नाही. नेदरलँड्समध्ये सरकारी लाभ घेणाऱ्यांत फसवणूक कोण करेल हे ठरवणारी 'सिरी' नावाची संगणक यंत्रणा होती आणि ती गरीब वस्त्यांवरच चालवली जात होती. तिथल्या नागरी संस्था आणि एक कामगार संघटना न्यायालयात गेल्या. अति-दारिद्र्यावरचे संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे विशेष प्रतिवेदक (म्हणजे त्या विषयासाठी नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ) फिलिप अॅल्स्टन यांनी त्या खटल्यात आपलं म्हणणं दाखल केलं. ५ फेब्रुवारी २०२० रोजी हेगच्या न्यायालयाने ती यंत्रणा बेकायदा ठरवली. याच अॅल्स्टन यांचा डिजिटल कल्याणकारी राज्यावरचा अहवाल ऑक्टोबर २०१९ चा, आणि त्यात आपल्या आधारचाही उल्लेख आहे. असे अहवाल करण्याआधी प्रतिवेदक जगभरातून माहिती मागवतात. मुदत असते, प्रश्न छापलेले असतात आणि कोणीही पाठवू शकतं. तुमचा तक्ता तिकडे, संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मानवी हक्क कार्यालयाकडे, थेट तुमच्या संस्थेच्या नावाने जाऊ द्या. युरोपीय संस्थेने इंग्रजी तपासून द्यावं, ती मदत मोलाची आहे. लेखक म्हणून नाव मात्र तुमचंच राहिलं पाहिजे.

निधीबद्दल: परदेशी देणगी घ्यायला संस्थेची एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. 'मुंबईच्या संस्थेची नोंदणी आहे, ती आपल्याला देईल' ही वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद केली. आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. सीएला विचारल्याशिवाय रुपया घेऊ नका.

आणि हे सगळं चालू असताना त्या बाईचं या महिन्याचं धान्य अडलंय, ते आधी सोडवा. अंगठा जुळला नाही म्हणून कोणाला रेशन नाकारू नये, असा केंद्राच्या अन्न विभागाचा ऑक्टोबर २०१७ चा आदेश आहे. त्याची प्रत खिशात ठेवून तहसीलच्या पुरवठा शाखेत जा. जिनिव्हाहून धान्य येत नाही.

२०२७ च्या सिंहस्थात चेहरा ओळखणारे कॅमेरे लागणार असं ऐकतो. माझं दुकान रामकुंडाच्या वाटेवर आहे. याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार करता येते का? आणि तसं केलं तर भाविकांच्या सुरक्षेच्या आड आल्यासारखं होईल का? — व्यापारी, पंचवटी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण लोक तुम्हाला तोच विचारतील. २७ ऑगस्ट २००३ ची चेंगराचेंगरी पंचवटीतला कोणी विसरलेला नाही. ३९ माणसं गेली. गर्दी मोजलीच पाहिजे, आणि त्यासाठी कॅमेरा लावायला माझी हरकत नाही. पण गर्दी मोजायची वेगळी आणि गर्दीतलं प्रत्येक माणूस कोण हे नोंदवायचं वेगळं. २०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने 'अशिओटो' नावाची जमिनीवर अंथरायची पट्टी केली होती. पावलांचा दाब पडला की किती माणसं पुढे गेली ते कळायचं. कोणाचं नाव नाही, चेहरा नाही, फोन नंबर नाही. सभेत कोणी 'मग पर्याय काय' म्हणून आवाज चढवला, तर हे उदाहरण सांगा. परदेशी परिषदांतही सांगण्यासारखं आहे आणि ते आपलं स्वतःचं आहे.

आता तक्रार. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं १७ वं कलम खासगीपणाचं आहे आणि भारत १९७९ पासून त्या करारात आहे. पण व्यक्तीला थेट तक्रार करू देणारा जो जोड-करार आहे, त्यात भारत सामील नाही. म्हणजे 'केस' टाकता येत नाही. खासगीपणाच्या हक्कासाठी २०१५ पासून एक विशेष प्रतिवेदक असतात, त्यांना ऑनलाइन माहिती देता येते. वकील लागत नाही, फी नाही. त्यांना तथ्य वाटलं तर ते सरकारला पत्र लिहितात आणि ६० दिवसांनी पत्र जाहीर होतं. हुकूम नसतो, मनाई नसते. संयुक्त राष्ट्रांत प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांचा साधारण साडेचार वर्षांनी आढावा होतो, भारताचा मागचा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला. त्यासाठीही कोणतीही संस्था निवेदन देऊ शकते. एकट्या संस्थेला २,८१५ शब्दांची मर्यादा. एवढ्या शब्दांत तुम्ही काय लिहिणार, हा खरा प्रश्न आहे. 'कॅमेरे लागणार असं ऐकतो' हे लिहून कोणी वाचणार नाही.

म्हणून सुरुवात माहितीच्या अधिकाराने करा. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा; दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. कुंभमेळा प्राधिकरण, पोलीस आयुक्तालय आणि महापालिका, तिघांना वेगवेगळे अर्ज. निविदेची प्रत, त्यात चेहरा ओळखण्याचं काम आहे का, चित्रण किती दिवस ठेवणार, कोणत्या यादीशी जुळवणार, किती टक्के जुळलं की माणूस 'सापडला' म्हणणार आणि मेळा संपल्यावर सगळं कोणाकडे जाणार. टक्क्यांचा प्रश्न गाळू नका. दिल्ली पोलीस ८० टक्के साम्य म्हणजे जुळलं असं धरतात, हे २०२२ मध्ये माहिती अधिकारातूनच बाहेर आलं आणि ते जगभरच्या अभ्यासकांनी वापरलं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

परदेशी मित्रांचा खरा उपयोग याच्यानंतर. उत्तरात पुरवठादाराचं नाव आलं, की तीच यंत्रणा आणखी कोणत्या शहरांत चालते ते शोधायचं आणि तिथल्या लोकांकडून चाचणीचे निकाल, करार, न्यायालयाचे कागद मागवायचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाने मे २०१९ मध्ये आपल्या खात्यांना असं तंत्र वापरायला बंदी केली. देशाच्या संसदेने नव्हे, शहराने. आपल्या महापालिकेला तेवढे अधिकार नाहीत, पण निविदेत एक अट घालायला कोणाची आडकाठी आहे?

आपल्या डेटा संरक्षण कायद्यावर मात्र फार विसंबू नका. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होणार, ऐन पर्वण्यांच्या आधी. पण कायद्याच्या १७ व्या कलमाने केंद्राला सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणावरून सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे. गुन्हे शोधण्यासाठीच्या कामालाही बरीचशी सूट आहे. नियम मोडला म्हणून २५० कोटींपर्यंत दंड, हे आकडे वर्तमानपत्रात छान दिसतात.

आमच्या सोसायटीत गेटवरचं अॅप कामवाल्या बाईंचा फोटो आणि येण्याजाण्याच्या वेळा सगळ्या फ्लॅटना दाखवतं. कोणत्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे जाऊ? — गृहिणी, पाथर्डी फाटा

कोणत्याही नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यात विषय मांडा. त्याआधी बाईंना विचारा. मला वाटतं आजवर कोणी विचारलेलं नसेल.

अंबडला आमचं छोटं डेटा प्रोसेसिंगचं युनिट आहे, सतरा माणसं. जर्मन ग्राहकाने जाडजूड करार पाठवलाय, कर्मचाऱ्यांच्या संगणकांपासून सरकारने माहिती मागितली तर काय करणार इथपर्यंत प्रश्न. ही खासगीपणावाली मंडळी आमच्या धंद्याच्या मुळावर उठलीत का? — उद्योजक

चिडू नका. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. औषधाच्या अंशाची मर्यादा युरोपात ठरते, तपासणी इथल्या बागेची होते आणि बागेचा नोंदणी क्रमांक पेटीबरोबर जातो. सुरुवातीला सगळे वैतागले होते. आज त्या नोंदी ठेवणाराच माल पाठवतो. २५ मे २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर हा युरोपचा डेटा संरक्षण कायदा तुमच्यापर्यंत तसाच पोचलाय, आणि तो मोडला तर तुमच्या ग्राहकाला जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड बसू शकतो. तो तुम्हाला प्रश्न विचारणारच.

सरकारने माहिती मागितली तर काय, या कलमामागे माक्स श्रेम्स नावाचा ऑस्ट्रियन माणूस आहे. कायद्याचं शिक्षण घेत असताना, २०१३ मध्ये, त्याने आयर्लंडच्या नियामकाकडे फेसबुकविरुद्ध तक्रार केली: माझी माहिती अमेरिकेत जाते आणि तिथल्या हेरखात्याला उघडी असते. २०१५ मध्ये युरोपच्या न्यायालयाने अमेरिकेत डेटा पाठवण्याची व्यवस्था रद्द केली, १६ जुलै २०२० ला तिच्या जागी आलेली दुसरीही. त्यानंतर युरोपाबाहेर डेटा पाठवणाऱ्या प्रत्येकाला समोरच्या देशाचा कायदा तपासावा लागतो. भारताला युरोपने अजून 'पुरेसं संरक्षण असलेला देश' म्हणून मान्यता दिलेली नाही, म्हणून प्रत्येक कराराला ही शेपटी.

तेव्हा आपल्या कायद्यातल्या सरकारी सवलती आवळल्या गेल्या तर तुमचाच कागद कमी होईल. हे निमा किंवा आयमा या इथल्या उद्योजक संघटनांच्या लेटरहेडवर दिल्लीला जायला हवं. आमच्यासारख्यांनी हक्काची भाषा केली की सरकारला ती पाठ असते. 'नाशिकच्या सतरा माणसांच्या युनिटचं काम अडतं' हे वेगळ्या टेबलावर वाचलं जातं. युरोपातल्या खासगीपणाच्या संस्थांनाही असा साक्षीदार हवाच असतो, कारण त्यांच्यावर कायम आरोप होतो की तुम्ही धंदा बुडवता. एकदा भेटा, तुमच्या अडचणीचं दोन पानी टिपण करू.

मी नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी डिजिटल हक्कांच्या गटात काम करतो. परदेशातल्या एका परिषदेचं बोलावणं आलंय, विमानभाडं आणि राहणं तेच करणार. रजा टाकून जाऊ का? — कर्मचारी

नुसती रजा टाकून नको. एफसीआरएच्या सहाव्या कलमाखाली सरकारी नोकर आणि सरकारच्या मालकीच्या महामंडळांचे कर्मचारी यांना परदेशी पाहुणचार घ्यायला केंद्राची पूर्वपरवानगी लागते. तुमचा छापखाना सरकारी कंपनीचा, त्यामुळे तुम्ही त्यात येता. ओझरच्या एचएएलमधल्यांनाही हेच लागू. अर्ज एफसी-२ नमुन्यात ऑनलाइन, निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी, आणि कार्यालयाची शिफारस मिळायलाच वेळ जातो, म्हणून दोन महिने धरा. स्वतःच्या खर्चाने गेलात तर हे कलम आड येत नाही, पण कार्यालयाची परदेशवारीची परवानगी राहतेच. आणि व्यासपीठावर 'मी व्यक्तिगत बोलतोय' म्हणालात तरी कार्यक्रमपत्रिकेवर नावाखाली काय छापतात ते आधी बघा.

खरं तर पहिल्या खेपेला जायची गरजच नाही. संयुक्त राष्ट्रांचा इंटरनेट गव्हर्नन्स फोरम २००६ पासून दर वर्षी भरतो, २००८ मध्ये तो हैदराबादला झाला होता. नोंदणी मोफत असते आणि घरबसल्या ऑनलाइन प्रश्नही विचारता येतो. बैठक जिनिव्हातली असेल तर वेळ आधी बघा: जिनिव्हा हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. तिथली सकाळी दहाची बैठक हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी अडीचला लागते. तुमची पाळी तेव्हा चालू असेल तर रेकॉर्डिंग नंतर बघा, फोरमच्या बैठकांची ती सगळ्यांना खुली असतात.